चोर सोडून संन्याशाला

उबुंटूने ‘अपडेट आले आहेत’ म्हणून सांगितले, संगणकासमोरच्या माणसाने मान डोलावली, आणि चहा घेऊन परत येईतो टर्मिनलच्या काळ्या खिडकीत ओळींचा खच पडला होता. तळाशी एक वाक्य: ‘सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)’. त्याच्या वर चार-पाच पॅकेजांची नावे, सगळी ‘लिनक्स’ने सुरू होणारी. लिनक्सचा गाभाच, म्हणजे कर्नेलच, बसेना म्हटल्यावर पोटात गोळा येतो.

बहुतेक जण ते तळाचे वाक्य उचलून गूगलमध्ये टाकतात आणि शंभर तऱ्हेच्या सल्ल्यांत हरवतात. हरवणारच. ते वाक्य निरोप्याचे आहे. पॅकेजे आणून देणाऱ्या ‘एप्ट’ने काम ती प्रत्यक्ष बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’वर सोपवले, डीपीकेजीने ‘जमले नाही’ म्हटले, एप्टने तेवढे पुढे कळवले. का जमले नाही, ते वीस-तीस ओळी वर, कुणाच्या नजरेत न भरेल अशा साध्या अक्षरांत लिहिलेले असते. आणि तिथवर गेले की बहुतेक वेळा दिसते ते हे, की कर्नेलची काहीच चूक नव्हती. यादीत नाव त्याचे, करणी भलत्याचीच.

हे असे का होते, हे कळायला कर्नेलचे पॅकेज नेमके काय करते ते पाहावे लागते. डेबियन आणि तिच्या वंशातल्या उबुंटूमध्ये कुठलेही पॅकेज दोन टप्प्यांत बसते: आधी फायली उलगडून जागच्या जागी ठेवायच्या, मग मांडणी पुरी करायची. पहिला टप्पा क्वचितच फसतो. दुसऱ्या टप्प्यात कर्नेल एका फोल्डरमधल्या छोट्या स्क्रिप्ट एकामागून एक चालवते, आणि त्यांचा क्रम ठरतो नावाच्या वर्णानुक्रमाने. ‘डीकेएमएस’ आधी, ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’ नंतर आणि संगणक सुरू होतानाची कर्नेलांची यादी बनवणारी ‘अपडेट-ग्रब’ अगदी शेवटी. ती शेवटीच यावी म्हणून तिच्या नावापुढे ‘झेडझेड’ ही दोन अक्षरे जोडलेली आहेत. जगभरचे सर्व्हर ज्या व्यवस्थेवर चालतात तिथली ही शिस्त शाळेतल्या हजेरीपटासारखी आहे, याची गंमत वाटते. पण मेख अशी, की रांगेतली एक स्क्रिप्ट अडखळली की पुढच्या सगळ्या तिथेच थांबतात.

अडखळण्याचे सर्वांत सामान्य कारण अगदी घरगुती आहे: जागा नाही. डिस्क कूटबद्ध करून लिनक्स बसवले की ‘/बूट’ हा कप्पा वेगळा निघतो, आणि जुन्या मांडणीत तो जेमतेम अर्ध्या जीबीचा, कधी त्याहूनही लहान असे. कर्नेलची मूळ फाईल १०-१५ एमबीची. जागा खाते ती तिच्या जोडीची ‘इनिटरॅमएफएस’. डिस्क, तिचे कुलूप, तिच्यावरची फाईलरचना हे सगळे ओळखायला लागणारे ड्रायव्हर कर्नेलला सुरुवातीलाच हवे असतात, आणि ते तर त्याच डिस्कवर असतात. म्हणून वाटेत पुरेल एवढी शिदोरी एका गाठोड्यात बांधून दिली जाते. कुठल्याही यंत्रावर चालावे म्हणून त्यात शक्य तेवढे ड्रायव्हर कोंबतात, आणि गाठोडे मूळ कर्नेलच्या कितीतरी पट होते. अशी तीन-चार गाठोडी साठली की कप्पा भरला. मग वर कुठेतरी ओळ उमटते, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’.

इथून पुढे गोष्ट विचित्र वळण घेते. जुनी कर्नेले काढून टाकावीत म्हणून ‘ऑटोरिमूव्ह’ची आज्ञा द्यावी, तर एप्ट म्हणते, आधी अर्धवट राहिलेले काम पुरे करू. ते पुरे करायला जागा हवी. जागा करायला जुने काढायला हवे. इकडे आड, तिकडे विहीर. जाणकार अशा वेळी एक कृती करतात जी एरवी कुणाला करू देणार नाहीत: ‘यूनेम -आर’ लिहून सध्या कोणते कर्नेल चालू आहे ते पाहायचे, त्याला हात न लावता सर्वांत जुन्या कर्नेलची इनिटरॅमएफएस फाईल हाताने पुसायची, तेवढ्या मोकळ्या जागेत डीपीकेजीला राहिलेली मांडणी संपवायला लावायची आणि मगच जुने पॅकेज रीतसर काढायचे. चालू कर्नेलची फाईल पुसली गेली तर मात्र पुढच्या वेळी संगणक सुरू करताना रडायची पाळी.

कधी कधी ‘जागा नाही’ अशी तक्रार येते आणि मोकळी जागा सांगणाऱ्या ‘डीएफ’ला विचारले तर निम्मी डिस्क मोकळी दिसते. माणूस चक्रावतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ रचनेत प्रत्येक फाईलला एक आयनोड, म्हणजे नोंदवहीतली एक नोंद, लागतो, आणि आयनोड किती हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. कर्नेलच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर येणारे ‘हेडर्स’ पॅकेज म्हणजे हजारो चिमुकल्या फायली. लहान सर्व्हरवर अशी दहा-पंधरा पॅकेजे साठली की गोदाम रिकामे आणि नोंदवहीची पाने संपलेली, अशी अवस्था होते. ‘डीएफ’ला ‘-आय’ जोडले की हे उघड होते. ती दोन अक्षरे ठाऊक नसल्याने रात्रीची झोप घालवलेले सर्व्हर सांभाळणारे अनेक.

दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे बाहेरचा ड्रायव्हर. ग्राफिक्स कार्डाचे, व्हर्च्युअलबॉक्सचे किंवा एखाद्या स्वस्त वायफाय डोंगलचे मॉड्यूल कर्नेलच्या अधिकृत संहितेत नसेल, तर ते प्रत्येक नव्या कर्नेलसाठी त्याच यंत्रावर नव्याने कंपाईल करावे लागते. हे काम ‘डीकेएमएस’ करते. ते २००३च्या सुमारास डेल कंपनीत जन्मले. कंपाईल फसले की रांग तुटते, आणि नाव कर्नेलचे खराब होते.

पण कालपर्यंत नीट कंपाईल होणारा ड्रायव्हर आज का होत नाही? याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. कर्नेलमध्ये ‘ॲक्सेस_ओके’ नावाची एक तपासणी आहे. एखादा प्रोग्राम कर्नेलला आपल्या मेमरीतला पत्ता देतो, तेव्हा तो पत्ता खरोखर त्याच्याच हद्दीतला आहे ना, एवढे ती पाहते. अनेक वर्षे तिला तीन गोष्टी सांगाव्या लागत, आणि त्यातली पहिली अशी, की त्या जागी वाचायचे आहे की लिहायचे. ही अट आली इंटेलच्या ८०३८६ या १९८५च्या प्रोसेसरमुळे. कर्नेल स्वतः लिहीत असेल तेव्हा तो मेमरीवरची ‘इथे लिहू नये’ ही खूण मानत नसे, म्हणून लिहिण्याआधी वेगळी खात्री करावी लागे. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉरव्हाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतले ते याच जातीच्या संगणकावर. २०१२च्या डिसेंबरात लिनक्सने त्या प्रोसेसरला निरोप दिला, तरी त्याची ही अट संहितेत तशीच पडून होती. अखेर २०१९च्या जानेवारीत टॉरव्हाल्ड्सनेच ती काढून टाकली. मार्चमध्ये ५.० आवृत्ती आली, आणि तीन गोष्टी सांगत राहिलेले बाहेरचे ड्रायव्हर धडाधड फसू लागले. कर्नेलच्या आतल्या ड्रायव्हरांची दुरुस्ती त्याच बदलात झालेली होती. बाहेरच्यांना कुणी विचारले नव्हते.

याला निष्काळजीपणा म्हणता येत नाही. हे जाहीर धोरण आहे. आपल्यावर चालणारे प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा कर्नेलचा बाहेरच्या जगाशी केलेला करार टॉरव्हाल्ड्स कमालीच्या कडकपणे पाळतो. आतली रचना मात्र दर नऊ-दहा आठवड्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीत हवी तशी बदलते, आणि आत स्थिर करार का नको, याचे लांबलचक समर्थन ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नेलच्या दस्तऐवजांतच लिहून ठेवले आहे. युक्तिवाद पटतो. फक्त डोंगलवाल्याला तो रात्री अकरा वाजता पटत नाही. त्याच्यासाठी खरी वाट डीकेएमएसच्या ‘मेक.लॉग’ या फाईलकडे जाते. त्यात पहिली ‘एरर’ कुठे येते ते पाहायचे, नंतरच्या चाळीस तिचीच पिलावळ असते. ड्रायव्हरची नवी आवृत्ती मिळाली तर ठीक. नाहीतर तो डीकेएमएसमधून काढला की कर्नेल निमूट बसते.

ओळखीच्या सहीशिवाय काही चालू न देणाऱ्या सिक्युअर बूटची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे सगळे यशस्वी झाल्याचे दिसते, पण स्वतः कंपाईल केलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही नसल्याने कर्नेल त्याला दारातूनच परत पाठवते. सहीची किल्ली नोंदवण्यासाठी संगणक पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि कळ दाबायला दहा सेकंद देतो. नेमके तेव्हाच माणूस पाणी प्यायला गेलेला असतो.

इतके होऊनही चालता संगणक सहसा चालूच राहतो. कर्नेलच्या पॅकेजच्या नावातच आवृत्तीचा आकडा असल्याने नवे जुन्यावर बसत नाही, शेजारी बसते. धोका पुन्हा सुरू करण्यात आहे. इनिटरॅमएफएस बनण्याआधीच रांग तुटली असेल आणि नंतर दुसऱ्या कुठल्या पॅकेजने ग्रबची यादी ताजी केली, तर तिथे बिनशिदोरीचे नवे कर्नेल सर्वांत वर येऊन बसते. मग पडद्यावर ‘कर्नेल पॅनिक’, आणि पुढे मूळ फाईलरचना सापडत नसल्याची तक्रार. अशा वेळी बटण दाबून पुन्हा सुरुवात करायची, ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जायचे आणि जुने कर्नेल निवडायचे. ते काहीच न घडल्यासारखे सुरू होते.

मग टर्मिनलमध्ये ‘डीपीकेजी -एल’ची यादी काढावी. नव्या कर्नेलच्या ओळीत सुरुवातीला दोन अक्षरे दिसतात, ‘आयएफ’: हवे आहे, पण मांडणी अर्धवट. कप्प्यात जागा केली, अडलेला ड्रायव्हर बाजूला काढला, राहिलेली मांडणी पुन्हा चालवली. स्क्रिप्टांची रांग पहिल्यापासून सरकते, शेवटी ‘झेडझेड’वाली येते आणि ग्रबला सापडलेल्या कर्नेलांची नावे एकेक करून छापते. यादी पुन्हा काढली की त्याच ओळीत ‘आयआय’.