शेगावचा गहू आणि पुरुषाचं बीज

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांची टक्कलं पडू लागली, हे बुलडाण्यात कोणाला सांगायला नको. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर. आज केसांबद्दल बोलायचं नाही. पण हेच सेलेनियम शुक्राणूलाही लागतं, म्हणून तिथून सुरुवात.

शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात. घडताना पेशी अंग हलकं करते: पेशीद्रव टाकून देते, डीएनए प्रोटामिन या प्रथिनांनी घट्ट आवळून घेते. पळायला बरं! पण त्याबरोबर संरक्षक विकरं जातात, दुरुस्तीची बरीच यंत्रणाही जाते. मग ऑक्सिजनपासून बनलेले आक्रमक रेणू डीएनएतल्या ग्वानिनला गाठतात. असं बिघडलेलं ग्वानिन प्रत काढताना चुकीच्या अक्षराशी जोडी जमवतं आणि आनुवंशिक मजकुरात कायमचा बदल होऊ शकतो. शुक्राणू बिघडलेलं अक्षर कापू शकतो, पण रिकामी जागा त्याला भरता येत नाही. ते काम फलनानंतर बीजांड करतं. वांझपणाचा शिक्का बाईवर मारणाऱ्यांनी हे जरा ऐकावं. नवऱ्याच्या बीजातली मोडतोड तिचं बीजांड निस्तरत असतं.

सेलेनियम ज्या विकरात असतं, ते घडत्या पेशीत आधी घातक पेरॉक्साइडं निकामी करतं. पुढे तेच घट्ट होऊन शुक्राणूच्या मधल्या भागाचं आवरण बनतं. पहारेकरीच भिंत होतो म्हणा ना! सेलेनियम फार कमी पडलं तर हा भाग कच्चा राहतो, फार झालं तर ते स्वतःच ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवतं. अमेरिकी शिफारशीत प्रौढाला रोज ५५ मायक्रोग्रॅम पुरतं आणि ४०० ही वरची मर्यादा आहे.

म्हणून ‘अँटिऑक्सिडंट’ची महागडी डबी घेताना थांबा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘मॉक्सी’ चाचणीत सेलेनियमसह अशा गोळ्या तीन महिने दिल्या. ना शुक्राणू सुधारले, ना डीएनएची मोडतोड कमी झाली.

कुणी विचारेल, सर, मग केस गळालेल्यांचं बीजही बिघडलं का? मी न्यायदर्शन शिकवलेला माणूस. धुरावरून अग्नी म्हणायचा तर आधी व्याप्ती दाखवावी लागते, आणि ती इथे कोणी दाखवलेली नाही. मूल होत नसेल तर नवऱ्याचं वीर्यही सुरुवातीलाच तपासा. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा.