उंदराने राखलेले दप्तर

1849 साली सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाकडे निघालेली एक टोळी नेवाडाच्या वाळवंटात उपाशीतापाशी भटकत होती. कपारीत खडीसाखरेसारखे चकाकणारे गोळे दिसले. चव गोडसर, म्हणून काहींनी ते पोटभर खाल्ले आणि मग मळमळीने हैराण झाले. ते गोळे पॅकरॅट नावाच्या उंदराच्या सुकून घट्ट झालेल्या मूत्राचे होते.

हा उंदीर दिसेल ते घरट्यात आणून टाकतो. डहाळ्या, बिया, निवडुंगाचे काटे, हाडांचे तुकडे, काहीही. मात्र घरट्यापासून तो साधारण शंभर मीटरच्या आतच फिरतो. पूर्वी कुठे कोणती झाडे होती, ते परागकणांवरूनही शोधतात, पण ते वाऱ्यावर मैलोन्‌मैल उडत येतात. उंदराच्या ढिगातली डहाळी मात्र तिथल्याच झाडाची. म्हणून मला ही साक्ष अधिक मोलाची वाटते. ढिगावर मूत्र झिरपते, सुकून लाखेसारखे कडक होते. कोरड्या गुहेत पावसाचा थेंबही पोचत नाही, त्यामुळे पान हजारो वर्षे पानच राहते.

प्रयोगशाळेत अशा ढिगाचा तुकडा काही दिवस पाण्यात भिजत घालतात. मूत्र विरघळून पाणी गडद तपकिरी होते आणि चाळणीत उरतात पाने, काड्या, लेंड्या. त्यांचे वय रेडिओकार्बनने काढतात. काही ढीग 40,000 वर्षांहून जुने निघाले आहेत. फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गनसेन यांनी 1964 साली दाखवून दिले, की आज जुनिपरचे एकही झाड नसलेल्या नेवाडातल्या डोंगरांवर हिमयुगात जुनिपरची राने होती. उंदरांनी त्यांच्या डहाळ्या जपून ठेवल्या होत्या.

लेंड्याही बोलतात. लेंडी जितकी जाड, तितका उंदीर मोठा. फेलिसा स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 1995 साली 25,000 वर्षांतल्या लेंड्या मोजल्या. थंडीच्या काळात उंदीर थोराड होते, ऊब वाढली तसे लहान झाले. हवामानाचा असा हिशेब लेंडीत सापडावा, याचे मला आजही नवल वाटते.

कोरड्या गुहांत इतर प्राण्यांच्याही खुणा टिकतात. ग्रँड कॅन्यनमधल्या रॅम्पार्ट गुहेत तर नामशेष झालेल्या, जमिनीवर राहणाऱ्या स्लॉथच्या शेणाचा जाड थर होता. हा प्राणी काय चरत होता, ते त्यातल्या तंतूंवरून कळले. 1976 साली गुहेला आग लागली. ती महिनोन्‌महिने धुमसत राहिली आणि बहुतेक साठ्याची राख झाली. गुहेत मुक्काम करणाऱ्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या ढिगाजवळ चूल मांडू नये, एवढीच विनंती.