चार व्हॉल्व्ह आणि सागवानी चौकट

मुलार्ड या ब्रिटिश कंपनीने पन्नासच्या दशकात हौशी मंडळींना घरी बांधता येतील असे अँप्लिफायरचे आराखडे छापले. एकाचं नाव ‘पाच-दहा’, म्हणजे पाच व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) आणि दहा वॉट. दुसरा ‘तीन-तीन’. त्याच्याही आधी, 1947 च्या एप्रिल आणि मे महिन्यांत, डी. टी. एन. विल्यमसन यांचा पंधरा वॉटचा अँप्लिफायर ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आला आणि देशोदेशीच्या लोकांनी तो घरी बांधला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. व्हॉल्व्हच्या तंत्राला उत्तम रूप आलं त्याच वर्षी त्याची जागा घेणाराही जन्मला होता. तरी व्हॉल्व्ह संपले नाहीत. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये ते अजून बनतात, आणि ते विकत घेऊन स्वतः अँप्लिफायर बांधणारे लोक जगभर आहेत.

अशा अँप्लिफायरमधला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ईएल 84 या व्हॉल्व्हवरचा छोटा स्टिरिओ अँप्लिफायर. दोन बाजूंना दोन ईएल 84, दोघांना मिळून एक ईसीसी 83, आणि वीजपुरवठ्यासाठी ईझेड 81 हा रेक्टिफायर. एवढ्या चार नळ्यांत काम होतं. हे व्हॉल्व्ह आपल्याला परके नाहीत. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळात ईएल 84 आणि ईसीसी 83 भारतात बनवले. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टन्स, कंडेन्सर, सॉकेट मिळतात. जुन्या व्हॉल्व्हसाठी मात्र एखादा रेडिओ दुरुस्त करणारा गाठावा लागतो. घेताना काचेच्या माथ्याकडे पाहावं. आतून आरशासारखा चकचकीत डाग असतो, तो बेरियमचा. उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी ठेवलेला. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. असा व्हॉल्व्ह फुकट मिळाला तरी घेऊ नये.

आत काय चालतं ते डोळ्यांनी दिसतं, हे या यंत्राचं मोठेपण. मधली नळी, म्हणजे कॅथोड, तापून लाल होते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. भोवतीच्या पत्र्यावर अडीचशे व्होल्टचा धन दाब असतो, तो त्यांना ओढतो. वाटेत बारीक तारेची जाळी असते. गाण्याचा दुबळा संकेत त्या जाळीवर दिला की इलेक्ट्रॉनचा लोंढा त्या हुकमाने कमीजास्त होतो. ली डी फॉरेस्टने 1906 मध्ये ही जाळी घातली आणि पुढे तिच्या जोरावर दुबळा आवाज मोठा करता येऊ लागला. ईएल 84 मध्ये आणखी दोन जाळ्या आहेत, पण गाभा तोच.

व्हॉल्व्ह विकत मिळतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर बहुधा करूनच घ्यावा लागतो, आणि अँप्लिफायरचा कस तिथे लागतो. ईएल 84 ला सुमारे पाच हजार ओहमचा भार हवा. स्पीकर आठ ओहमचा. पाच हजारला आठाने भागून वर्गमूळ काढलं की पंचवीस येतात. म्हणजे एका वाइंडिंगचे अडीच हजार वेढे असतील तर दुसऱ्याचे शंभर. कागदावर हे एवढंच आहे. पण अडीच हजार वेढे एकगठ्ठा गुंडाळले तर वरच्या पट्टीतले बारीक आवाज वाटेतच मरतात. म्हणून मोठ्या वाइंडिंगचे तीन भाग करायचे, त्यांच्यामध्ये लहान वाइंडिंगचे दोन भाग बसवायचे, आणि दर थराला कागद घालायचा. मोटारी रिवाइंड करणारे कारागीर हे काम करू शकतात, पण एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी लागते. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ‘ई’ आणि ‘आय’ आकाराचे स्टॅम्पिंग आलटूनपालटून भरतात. इथे सगळे ‘ई’ एका बाजूने, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये कागदाची पातळ पट्टी हवी. कारण या वाइंडिंगमधून एकदिश प्रवाह सतत वाहतो आणि ती फट नसेल तर लोखंड चुंबकत्वाने तुंबतं. सवयीच्या हाताला हे चुकल्यासारखं वाटतं. पट्टी काढून टाकली जाऊ नये म्हणून मी समोर थांबून भरून घेतो.

आता लाकूड. लाकडी चौकट शोभेसाठी असते असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती पहिल्यापासून अटी घालते. लाकूड वीज वाहत नाही, त्यामुळे ते बाहेरचा उपद्रव अडवत नाही आणि अर्थिंगही देत नाही. चार व्हॉल्व्ह मिळून चाळीस-पन्नास वॉट उष्णता टाकतात, आणि ईएल 84 च्या काचेला बोट लावता येत नाही. म्हणून व्हॉल्व्ह लाकडात बसवायचे नाहीत. वर अडीच-तीन मिलिमीटरची अॅल्युमिनियमची प्लेट, तिच्यात सॉकेटसाठी सुमारे 22 मिलिमीटरची भोकं, आणि भोवती लाकडाची चौकट. भिंतीतल्या प्लगची अर्थिंगची तार या प्लेटला बोल्टने थेट आवळायची. त्यात तडजोड नाही.

लाकूड जुनं सागवान घ्यावं. पुण्यात वाडे पाडले की तुळया आणि दारांच्या चौकटी टिंबर मार्केटमध्ये येतात. कित्येक पावसाळे पचवलेलं ते लाकूड आता फारसं वाकत नाही, फिरत नाही. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत, नाहीतर पातं गेलं. वरचा काळपट थर निघाला की आतला मधाचा रंग आणि तेलकट वास बाहेर येतो. वीस मिलिमीटर जाडीच्या चार पट्ट्या, कोपऱ्यांत डव्हटेलचे सांधे. सांधा गुण्याने आखून आधी बारीक करवतीने कापायचा आणि शेवटचा केसभर पटाशीने तासायचा. दोन्ही पट्ट्या हाताच्या दाबाने बसल्या पाहिजेत; हातोडी लागली तर सांधा घट्ट आहे आणि पावसाळ्यात फुगून फाटेल. कोकणात राहणाऱ्याने हे दुप्पट जपावं. आतल्या कडेला प्लेट टेकण्यासाठी खाच घ्यायची आणि प्लेटची स्क्रूची भोकं लांबट ठेवायची, म्हणजे चौकट थोडी हलली तरी प्लेट तिला फाडत नाही. पॉलिशला चपडा आणि स्पिरिट. एक हात पातळ, वाळू द्यायचा, बारीक काचपेपर, पुन्हा एक हात.

चौकट कापण्याआधी आणि प्लेटला भोकं पाडण्याआधी एक चाचणी करावी. नुसता पॉवर ट्रान्सफॉर्मर विजेला जोडायचा, त्याची मोकळी टोकं नीट झाकायची, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या तारांना हेडफोन लावायचा. दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकमेकांना जोडलेले नसतात, तरी हेडफोनमध्ये घूं ऐकू येतं, कारण एकाचं चुंबकीय क्षेत्र दुसऱ्यात शिरतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवत न्यायचा. एका कोनाला ती घूं जवळजवळ नाहीशी होते. तिथेच पेन्सिलने खूण करायची. चौकटीची लांबीरुंदी या खुणेनंतर ठरते. सुताराने आधी खोका करून दिला आणि मग आत सामान कोंबलं, की ते यंत्र जन्मभर घुमत राहतं.

ही घूं आपल्या संगीताला फार बोचते, त्याचं कारण आहे. आपली वीज पन्नास हर्ट्झची. रेक्टिफायरमधून गेल्यावर तिची गुणगुण शंभर हर्ट्झची होते. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याची पंचमाची तार साधारण 104 हर्ट्झवर असते. म्हणजे अँप्लिफायरची घूं त्या पंचमाच्या किंचित खाली बेसूर उभी राहते. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या गदारोळात ती लपेल. ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तंबोरा चालू असताना लपत नाही. म्हणून वीजपुरवठ्यात चोक (लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी) हवाच, फिलामेंटच्या तारा घट्ट पिळून प्लेटच्या कडेने न्याव्यात, आणि सगळी ग्राउंड एका ठिकाणी आणावी.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर साधा, टाकाऊ लावावा. ईएल 84 च्या कॅथोडला 135 ओहमचा रेझिस्टन्स असतो. त्याच्या दोन टोकांत सात-सव्वासात व्होल्ट दिसले की सुमारे 53 मिलिअँपिअर वाहताहेत, आणि व्हॉल्व्ह ठीक आहे. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा संकेत उलटा मागे देणारी तार) जोडताच अँप्लिफायर किंचाळला तर घाबरू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची स्पीकरकडची दोन टोकं उलटी लागली आहेत, अदलाबदल केली की शांत होतो. तीनशे व्होल्टची मात्र कायम भीती बाळगावी. वीज बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेले राहतात. त्यांच्यावर 220 किलोओहमचा रेझिस्टन्स जोडलेला असेल तर दोनेक मिनिटांत ते रिकामे होतात. तरीही मीटर लावून पाहिल्याशिवाय आत हात घालू नये, आणि घालताना दुसरा हात खिशात ठेवावा.

एका बाजूला चार-पाच वॉट मिळतात. चांगल्या संवेदनशील स्पीकरवर बैठकीच्या खोलीला ते भरपूर होतात. याचा आवाज अर्धवाहकांच्या अँप्लिफायरपेक्षा अचूक असतो हा दावा मला पटत नाही. मोजमापात आजचं साधं यंत्रही याला मागे टाकतं. व्हॉल्व्ह स्वतःचं थोडं मिसळतो. ईएल 84 ची पडद्याची जाळी (स्क्रीन ग्रिड) पत्र्याला जोडून तो ट्रायोडसारखा चालवला, तर शक्ती दोन वॉटवर येते, पण मिसळतो तो मुख्यतः दुसरा स्वरांश, म्हणजे षड्जाला तार षड्ज. स्वराशी भांडण न करणारी ही भर आहे, आणि गायक मल्लिकार्जुन मन्सूरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवर ती मला मनापासून आवडते.

पण हा अँप्लिफायर बांधण्यामागचं माझं मुख्य कारण आवाज नाही. भिंतीतल्या प्लगपासून स्पीकरच्या कागदापर्यंत वीज कुठून जाते, कुठे किती व्होल्ट आहेत, कुठला भाग का आहे, हे एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावतं. आज घरात अशी किती यंत्रं उरली आहेत? व्हॉल्व्ह काही हजार तास चालतो, थकला की सॉकेटमधून ओढून नवा घालायचा. कंडेन्सर काही वर्षांनी सुकतात, ते बदलायचे. जुन्या रेडिओच्या मागच्या झाकणावर आत व्हॉल्व्हच्या जागांचा कागद चिकटवलेला असे. इथेही खालच्या झाकणाला आतून सर्किटची आकृती चिकटवावी आणि पहिल्या दिवशी मोजलेले सगळे व्होल्ट तिच्यावर त्या त्या जागी शाईने लिहून, खाली तारीख घालावी. पुढे ज्याच्या हातून हे झाकण उघडलं जाईल, त्याला बांधणाऱ्याला काही विचारावं लागू नये.