वाण्यांचं झाड

वडाला इंग्रजीत 'बॅन्यन' म्हणतात, हे आपण शाळेत पाठ करतो. पण हा शब्द इंग्रजांनी घडवलेला नाही आणि मुळात तो झाडाचाही नाही. गुजरातीत व्यापाऱ्याला 'वाणियो' म्हणतात, अनेकवचनात 'वाणिया'. आपला 'वाणी' त्याच घरातला, संस्कृत 'वणिज्'पासून आलेला. सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांच्या तोंडी या वाण्यांचं 'बनियान' झालं आणि त्यांच्याकडून ते इंग्रजांनी उचललं. तोवर या नावाचा वडाशी काहीही संबंध नव्हता.

तो जुळला इराणमध्ये. होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ गोम्ब्रून नावाचं बंदर होतं. शाह अब्बासने ते पोर्तुगीजांकडून घेतलं. १६२२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या मदतीने त्याने समोरचं होर्मुझ बेटही जिंकलं, तेव्हा बेटावरचा व्यापार या किनाऱ्यावर सरकला. बंदराचं नाव झालं बंदर अब्बास. तिथे गुजराती वाण्यांची चांगली वस्ती होती. कापड आणि नीळ विकायची, पैशांची अदलाबदल करायची, व्याजाने पैसे द्यायचे, असा त्यांचा व्यवहार. गावाबाहेर एक मोठा वड होता. त्याच्या पारंब्यांच्या आडोशाला त्यांनी लहानसं देऊळ उभारलं होतं.

येणाऱ्याजाणाऱ्या युरोपीय प्रवाशांना त्या रखरखीत किनाऱ्यावर हे झाड दिसल्याशिवाय राहत नसे. इटलीचा पिएत्रो देल्ला व्हाल्ले, इंग्लंडचा थॉमस हर्बर्ट, फ्रान्सचा ताव्हर्निये या सर्वांच्या प्रवासवर्णनांत ते आलेलं आहे. झाडाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, खाली बसणारी माणसं मात्र ओळखीची होती. म्हणून ते झालं 'वाण्यांचं झाड'. १६३० च्या दशकात इंग्रजी छापील पानांवर हे नाव दिसू लागतं. पुढे 'झाड' गळलं आणि नुसता 'बॅन्यन' उरला. एका गावातल्या एका झाडाचं नाव असं सगळ्या जातीला चिकटलं. लिनियसने १७५३ मध्ये वडाला शास्त्रीय नाव दिलं, त्यात बंगाल आला: फायकस बेंगालेन्सिस. गुजरात मात्र रोजच्या इंग्रजी नावात कायमचा राहिला.

वडाची ओळख युरोपला त्याआधी नव्हती असं नाही. सिकंदराबरोबर आलेल्यांनी सांगितलेल्या हकिकतींवरून ग्रीक थिओफ्रास्टसने फांद्यांवरून मुळं सोडणाऱ्या या झाडाचं वर्णन करून ठेवलं होतं. १५९७ मध्ये जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतिकोशात त्याला 'कमानींचा भारतीय अंजीर' म्हटलं. त्याच्या आधाराने मिल्टनने १६६७ च्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये आदम आणि ईव्ह यांना अंग झाकायला याच झाडाची पानं दिली. झाड कुठलं, तर मलबारातलं किंवा दख्खनमधलं! आपल्या मुलखाचं नाव त्या महाकाव्यात वडामुळे आलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मिल्टनने 'बॅन्यन' हा शब्द वापरलेला नाही, आणि पानं मात्र ढालीएवढी रुंद सांगितली आहेत. ढालीची ही उपमा रोमन लेखक प्लिनीपासून चालत आलेली. आपल्याकडे ज्याने वडाच्या पानांची पत्रावळ लावली आहे त्याला पानाचा खरा आकार ठाऊक असतो. पान जाड, चामड्यासारखं, साधारण तळहाताएवढं. देठ मोडला की पांढरा चीक बोटांना चिकटतो. एका पत्रावळीला अशी बरीच पानं काड्यांनी टाचावी लागतात.

वाण्यांच्या नावावरून इंग्रजीत आणखीही बरंच काही आलं. वाणी मांसाहार करत नाहीत, म्हणून इंग्रजी आरमारात ज्या दिवशी खलाशांना मांसाचा शिधा मिळत नसे तो 'बॅन्यन डे'. हातघाईवर न येणारं, नुसत्या शब्दांचं भांडण म्हणजे 'बॅन्यन फाइट'. कोलकात्यात इंग्रज व्यापाऱ्याचे व्यवहार सांभाळणारा देशी मध्यस्थही 'बनियान'च. अठराव्या शतकात युरोप-अमेरिकेतले सुखवस्तू पुरुष घरात जो सैल, लांब झगा घालत त्यालाही 'बॅन्यन' म्हणत. कोपली या अमेरिकन चित्रकाराने काढलेल्या अनेक व्यक्तिचित्रांत तो दिसतो. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी तेच नाव अंगालगतच्या सदऱ्याला दिलं. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हे अर्थ ओळीने मांडलेले आहेत. आज दोरीवर वाळत पडणारं बनियन ते हेच. गुजरातीतून निघालेला शब्द पोर्तुगीज आणि इंग्रजी फिरून मराठीत परतला. आपल्याला त्यात वाणीही दिसत नाही आणि वडही दिसत नाही.

बंदर अब्बासचं दृश्य मुंबईतही घडलं. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली शेअर-दलाल जमत, त्यांत गुजराती मंडळी पुष्कळ. त्यांचीच पुढे १८७५ मध्ये संघटना झाली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार.

आजच्या इंग्रजीत 'बॅन्यन'ची व्याप्ती वाढली आहे, आणि भाषांतर करणाऱ्यांनी इथे सावध राहायला हवं. दुसऱ्या झाडावर रुजून, त्याला वेढून, पारंब्या सोडत वाढणाऱ्या अंजीरकुळातल्या कितीतरी जातींना हा शब्द सर्रास लावतात. हवाईतल्या लाहैना गावचा 'बॅन्यन' आपला वडच आहे. १८७३ मध्ये भारतातून आलेल्या रोपातून तो वाढला, ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात होरपळला आणि काही आठवड्यांतच त्याला कोवळी पानं फुटली. चीनमधलं फूचौ 'बॅन्यनांचं शहर' म्हणवतं, पण तिथलं झाड फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे लहान पानांची वेगळी जात. 'बॅन्यन ट्री' या हॉटेल समूहाचं नाव हाँगकाँगच्या लामा बेटावरच्या एका गावावरून आलं. तिथलं झाडही हेच. चिनी कादंबरीच्या इंग्रजी अनुवादातला 'बॅन्यन' मराठीत आणताना 'वड' लिहिलं, की वाचकासमोर सूत गुंडाळलेलं वटपौर्णिमेचं झाड उभं राहतं. लेखकाच्या मनात ते नसतं. तिथे 'वडाच्या जातीचं झाड' एवढं म्हटलं तरी काम भागतं. आणि ब्रिटिश आरमाराच्या एखाद्या आजच्या आठवणीत खलाशी 'बॅन्यन'ला गेले असं आलं, तर ते किनाऱ्यावर जेवणाची सहल करायला गेलेले असतात. मांसाविनाच्या दिवसाचं ते जुनं नाव आता तिथे या सहलीला वापरतात.