गोळी घेतली, पण भिंतीचं काय?

जुलैमध्ये कपाट उघडल्यावर येणारा तो कुबट वास तुम्हाला माहीत असणारच. काळ्या जीन्सवर पांढुरके ठिपके, लेदरच्या बेल्टवर हिरवट लव, भिंतीच्या कोपऱ्यात काळी नक्षी. आई कपडे झटकते, दोन डांबर गोळ्या टाकते आणि विषय संपतो. (डांबर गोळ्यांनी किडे पळतात, बुरशी नाही. आणि दम्याच्या माणसाला त्या वासाचाच त्रास होतो, ते वेगळंच.)

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. तुमची सर्दी नेमकी कधी सुरू होते आणि कुठे थांबते?

माझ्या वर्गातल्या एका मुलीला हा प्रश्न तीन वर्षं कुणी विचारलाच नव्हता. राहायला भिवंडीत, खाली माग आणि वर भाड्याच्या खोल्या अशा इमारतीत. पाऊस लागला की तिचा खोकला सुरू. वडील लूमवर कामाला, त्यामुळे सगळ्यांचं उत्तर तयार: कापसाची भुकटी. हे उत्तर अगदीच चुकीचंही नाही, कापसाच्या धुळीने फुफ्फुसं बिघडतात हे खरंच आहे. पण माग बारा महिने चालतात, खोकला मात्र जुलै ते ऑक्टोबर. दिवाळीत ती मामाकडे सोलापूरच्या बाजूला गेली की चार दिवसांत श्वास मोकळा. परत येऊन दोन रात्री झोपली की पुन्हा छातीत शिट्टी. तिची गादी ज्या भिंतीला टेकलेली, तिच्या पलीकडे शेजाऱ्यांचं बाथरूम. गादी उचलून बघितली तर मागची बाजू काळी.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, तुमच्या घरात आणि बंगल्यातही. त्यांना वाढायला फक्त ओल आणि खाऊ लागतो. खाऊ म्हणजे लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा, कापूस, वॉलपेपरचा गोंद, भिंतीवरची धूळ. आपल्याकडे ऊब फुकट आहे. ओलही फुकटच, कारण ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कामवारी नदी फुगली की सखल वस्त्यांमध्ये पाणी शिरतं. पाणी ओसरल्यावर पहिले २४ ते ४८ तास महत्त्वाचे. तेवढ्यात गादी, उशी, पुठ्ठ्याचे खोके सुकले नाहीत, तर बुरशीने घर केलंच म्हणून समजा. त्यात एका खोलीत स्वयंपाक, आंघोळ, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि पाऊस आत येतो म्हणून बंद खिडकी. ही सगळी वाफ भिंतीतच जिरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास, ॲलर्जी आणि दमा यांचा धोका जास्त, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि हे प्रकरण किती टोकाला जाऊ शकतं ते इंग्लंडमध्ये दिसलं. रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरात बुरशी आहे अशी तक्रार वडिलांनी २०१७ मध्येच केली होती. उत्तर मिळालं, वरून रंग मारा. मृत्यूचं कारण घरातली बुरशीच, असं २०२२ मध्ये चौकशीत ठरलं आणि त्याच्या नावाने कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक घरांच्या मालकांना धोकादायक ओल-बुरशीची ठरलेल्या मुदतीत दखल घ्यावीच लागते.

‘रंग मारा’ हे उत्तर ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडेही गणपतीच्या आधी तेच होतं. ओल्या भिंतीवरचा रंग दोन महिन्यांत पापुद्रे धरतो आणि त्याच्या आत बुरशी मजेत.

मग करायचं काय? आधी खात्री करा. भिंतीवर पांढरी भुकटी असेल तर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो खार, बुरशी नव्हे. (ओल मात्र दोन्हीकडे आहे.) बुरशी असेल तर कोरड्या झाडूने खरवडू नका, सगळे बीजाणू नाकात जातील. एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी, ओलं फडकं, आणि नंतर पंखा लावून भिंत कोरडी. ब्लीच वापरणार असाल तर टॉयलेट साफ करायच्या ॲसिडसोबत चुकूनही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. काळी पडलेली गादी धुऊन वाचत नाही. ती टाकावी लागते, आणि गादीला पैसे लागतात, हे मला कळतं. निदान पलंग आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, भांड्यावर झाकण ठेवा, ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. भर पावसात घर पूर्ण कोरडं होणार नाही. पण डोक्याजवळची भिंत कोरडी ठेवता येते आणि रात्रीचे आठ तास तिथेच जातात.

घरमालकाशी बोलणं हा खरा अवघड भाग. ‘काका, भिंत ओली आहे’ म्हटलं की ‘सगळ्यांच्याच ओल्या आहेत’ हे उत्तर ठरलेलं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकावर टाकतं. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना याचा आधार मिळणं कठीण, त्यांनी करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचावं. फोटो तारखेसकट ठेवा.

डॉक्टरकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या: कुठे झोपलो, कधी खोकलो, घराबाहेर बरं वाटलं का. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहेच. टीबी नसेल तर फुंकर मारून फुफ्फुसांची तपासणी आणि ॲलर्जीची स्किन टेस्ट यांतून चित्र कळतं. नाकातला स्टेरॉइड स्प्रे पहिल्याच दिवशी जादू करत नाही, रोज मारावा लागतो. इन्हेलरची ‘सवय लागते’ हे आजीचं मत. त्यातलं औषध थोडं असतं आणि थेट फुफ्फुसात जातं. मुलीच्या पर्समध्ये इन्हेलर दिसला तर स्थळं येणार नाहीत, ही भीतीही मी ऐकली आहे. त्यावर काय बोलणार! आणि इंटरनेटवर ‘काळ्या बुरशीचं विष शरीरातून काढणारे’ डिटॉक्स विकले जातात, त्यात पैसे घालू नका. तेवढ्यात एक गादी येईल.

ती मुलगी आता बरी आहे, म्हणजे धावून लोकल पकडते. गादी बदलली, पलंग समोरच्या भिंतीला गेला, शेजाऱ्यांच्या बाथरूमचा पाइप मिनतवारीने बदलून घेतला. खोकला एका आठवड्यात गेला नाही, दोन महिने लागले. पण नाक आता सगळं लक्षात ठेवतं. लायब्ररीतल्या तळाच्या कप्प्यातलं पुस्तक उघडलं की पाच शिंका, सीनियरच्या जुन्या नोट्स मास्क लावून. ओलसर पीजीमध्ये मैत्रिणीकडे रात्रभर अभ्यासाला ती जात नाही आणि त्यावरून ‘नाटकं करते’ हे ऐकूनही घेते. दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरायचं काम भावाकडे, फराळाचं तिच्याकडे. भाऊ वैतागलाय.

तुमच्या घरीही असं कुणी असेल तर त्याला माळ्यावर चढवू नका. आणि भिंतीचं काम ऑक्टोबरच्या उन्हात ठरवून मार्च ते मेमध्ये करून घ्या, तेव्हाच ती आतपर्यंत सुकलेली असते. जूनमध्ये गवंडी मिळत नाही, मिळाला तर प्लॅस्टर सुकत नाही.