दोन वर्षांचे मास्तर

मलावीतल्या खेड्यात कुणाच्या घरी गेलं, तर दाराची कडी वाजवायची पद्धत नाही. अंगणाच्या कडेला उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘ओडी!’ आतून ‘ओडिनी’ असं उत्तर आलं की मगच पाऊल पुढे टाकायचं. आफ्रिकेतल्या या छोट्याशा देशात इंग्रजी शिकवायला येणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांना जे पहिले धडे मिळतात, त्यांतला हा एक. शिकवायला म्हणून आलेल्या माणसाची सुरुवातीचे दोनतीन महिने शिकण्यातच जातात. तो गावातल्या एखाद्या कुटुंबात राहतो. त्या घरच्या आईकडून चूल पेटवायला शिकतो, आणि घरातली पाचसहा वर्षांची पोरं त्याच्या चिचेवा भाषेच्या उच्चारांवर पोट धरधरून हसतात.

मलावीला समुद्रकिनारा नाही. त्याऐवजी देशाचा जवळजवळ एक पंचमांश भाग व्यापणारं विशाल सरोवर आहे. बाकी बहुतेक सगळी शेती. मका खायचा, तंबाखू विकायचा. बहुसंख्य लोक चिचेवा बोलतात, उत्तरेत टुम्बुका, दक्षिणेत काही भागांत याओ. घरात, बाजारात, चर्चमध्ये, मशिदीत कुठेही इंग्रजीवाचून कुणाचं अडत नाही. अडतं ते शाळेत. आठ वर्षांची प्राथमिक शाळा, मग परीक्षा, मग चार वर्षांची माध्यमिक शाळा आणि शेवटी पुन्हा परीक्षा. या शेवटच्या परीक्षेत इंग्रजीत नापास झालेल्या मुलाला बाकीच्या विषयांत कितीही गुण मिळोत, प्रमाणपत्र मिळत नाही. आणि प्रमाणपत्र नाही म्हणजे शिक्षक, नर्स, कारकून, पोलीस यांतलं काहीच होता येत नाही. दहावीला इंग्रजीत गटांगळी खाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांच्या आईबापांना हे दुःख नव्यानं समजावून सांगायला नको.

साहेबी शाळा आणि झाडाखालची शाळा

या इंग्रजीप्रेमाचं मूळ थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत जाऊन पोचतं. १९६४ साली स्वतंत्र झालेल्या मलावीवर डॉ. हेस्टिंग्ज कामुझू बांडा यांनी तीस वर्षं राज्य केलं. गृहस्थ अमेरिकेत शिकलेले, ब्रिटनमध्ये डॉक्टरी केलेले. १९६८ मध्ये त्यांनी चिचेवाला राष्ट्रभाषा केलं खरं, पण स्वतः मात्र जाहीर सभेत इंग्रजीतून बोलायचे आणि शेजारी उभा असलेला दुभाषा ते लोकांना चिचेवात सांगायचा. १९८१ मध्ये त्यांनी आपल्या कासुंगू जिल्ह्यात ‘कामुझू अकादमी’ नावाची निवासी शाळा उभारली. तिथे निवडक मुलांना लॅटिन आणि ग्रीकही शिकवलं जाई. शिकवणारे मास्तर मात्र सगळे परदेशी गोरे असावेत, असा बांडांचा आग्रह होता. देशातला एकही काळा शिक्षक त्यांना आपल्या शाळेच्या योग्यतेचा वाटला नाही.

बांडांची सत्ता १९९४ मध्ये गेली. नव्या सरकारनं त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि एका वर्षात शाळांतली मुलं सुमारे १९ लाखांवरून जवळजवळ ३० लाखांवर गेली. एवढ्या मुलांसाठी वर्ग कुठून आणायचे आणि शिक्षक तरी कुठून? वर्ग आंब्याच्या झाडाखाली भरले. सुमारे २० हजार नवे शिक्षक घाईघाईनं नेमले गेले. त्यांचं प्रशिक्षण जेमतेम दोन आठवड्यांचं. एका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं आणि पाचसहा जणांत मिळून एक पुस्तक. चौथीपर्यंत चिचेवातून शिकलेलं मूल पाचवीत गेलं की गणितापासून शेतीपर्यंत सगळं एकदम इंग्रजीतून समोर यायचं. पुढे २०१३ च्या कायद्यानं पहिलीपासूनच इंग्रजी माध्यमाची दिशा धरली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. (महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला, तेव्हाचे अग्रलेख आठवावेत.) मुलाला ज्या भाषेत भूक लागते त्या भाषेत शिकवा, असं शिक्षणतज्ज्ञ सांगत होते. आणि आईबाप विचारत होते, शहरातल्या पैसेवाल्यांची मुलं इंग्रजीत शिकतात, मग आमच्याच मुलांनी का नाही?

परदेशी स्वयंसेवक येऊन पडतो तो या सगळ्याच्या मधोमध.

एका पोस्टकार्डाची गोष्ट

तरुणांना असं दूरदेशी पाठवण्याची संघटित कल्पना ब्रिटनमध्ये १९५८ साली अलेक डिक्सन यांनी सुरू केली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी मार्च १९६१ मध्ये ‘पीस कोअर’ची स्थापना केली. पगार नाही, फक्त स्थानिक माणसासारखं राहता येईल एवढा निर्वाहभत्ता. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पहिली तुकडी घानाच्या अक्रा विमानतळावर उतरली. तिथल्या शाळांत शिकवायला आलेल्या या तरुणांनी विमानातून उतरल्या उतरल्या घानाचं राष्ट्रगीत तिथल्या ट्वी भाषेत म्हणून दाखवलं. लोक खूश झाले.

नायजेरियात मात्र दोनच महिन्यांत रंगाचा बेरंग झाला. इबादानच्या विद्यापीठात प्रशिक्षण घेत असलेल्या एका तरुण अमेरिकन स्वयंसेविकेनं घरच्या मित्राला पोस्टकार्ड लिहिलं. लोक रस्त्यावरच राहतात, रस्त्यावरच रांधतात, असं काहीसं त्यात होतं. कार्ड पेटीत पडायच्या आधीच हातातून निसटलं आणि एका नायजेरियन विद्यार्थ्याला सापडलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रती विद्यापीठभर फिरल्या. निषेध सभा झाल्या, विद्यार्थ्यांनी स्वयंसेवकांच्या पंगतीला बसणं सोडलं. त्या मुलीनं माफी मागितली आणि तिला मायदेशी परतावं लागलं. तिनं लिहिलं त्यात सगळंच खोटं होतं असं नाही, पण पाहुण्यानं यजमानाच्या घराबद्दल बाहेर जाऊन काय बोलायचं, याचा हिशेब आपल्याकडेही वेगळा नाही.

‘ही’ आणि ‘शी’

वर्गात शिरताच सगळी मुलं ताडकन उभी राहतात आणि एका सुरात शिक्षकाची इंग्रजीत खुशाली विचारतात. आपण बरे आहोत हेही एका सुरातच सांगतात. पहिल्या दिवशी शिक्षक भारावतो. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात येतं की हा मंत्र आहे. प्रश्न जरा बदलला, ‘काल संध्याकाळी काय केलंस?’ असं विचारलं, की वर्ग चिडीचूप.

मग भाषेची खरी गाठ पडते. चिचेवात ‘र’ आणि ‘ल’ हे दोन वेगळे ध्वनी मानलेच जात नाहीत. त्यामुळे ‘राइस’चं ‘लाइस’ होतं आणि भात खाल्ला म्हणणारा मुलगा उवा खाल्ल्या असं सांगून बसतो. तिथे ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द आहे, ‘इये’. म्हणून निबंधात वडील ‘शी’ होतात आणि आजी ‘ही’. निर्जीव टेबलाखुर्चीलाही लिंग चिकटवणाऱ्या मराठी माणसाला याचं नवल वाटेल, पण त्या मुलांना नवल वाटतं ते नाव सांगितल्यावरही पुन्हा ‘बाई की पुरुष’ हे सांगण्याचा हट्ट धरणाऱ्या इंग्रजीचं.

उलट, शिकवणारा चुकतो तो भलत्याच ठिकाणी. इंग्रजीत राजालाही ‘यू’ आणि कुत्र्यालाही ‘यू’. चिचेवात मराठीसारखंच तू आणि तुम्ही वेगळं. ‘इवे’ म्हणजे तू, ‘इनू’ म्हणजे तुम्ही. नवा मास्तर उत्साहानं मुख्याध्यापकांना ‘इवे’ म्हणतो आणि शिक्षकांच्या खोलीत शांतता पसरते. वडीलधाऱ्याला वस्तू देताना डावा हात उजव्या कोपराला लावायचा, नमस्कार करताना हाताची ओंजळ करून हलकेच टाळी वाजवायची, हे सगळं त्याला हळूहळू येतं. मुली शिक्षकासमोर वही ठेवताना गुडघे टेकतात, तेव्हा मात्र दोन वर्षांनंतरही त्याला अवघडल्यासारखं होतं.

या काळात त्याला सांभाळून घेतो तो शेजारच्या वर्गावरचा स्थानिक शिक्षक. कुठलं मूल आज उपाशी आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, कोण मुद्दाम गप्प बसतो आणि कुणाला खरंच कळलेलं नाही, हे त्याला चेहऱ्यावरून ओळखता येतं. शेतीचे दिवस सांभाळून, तुटपुंज्या आणि बरेचदा उशिरा येणाऱ्या पगारावर तो वीस वीस वर्षं शिकवत असतो. गावात कौतुक मात्र होतं ते नव्या पाहुण्याचं. हे दोघांनाही ठाऊक असतं. समजूतदार पाहुणा याबद्दल फार बोलत नाही, निमूटपणे त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतो.

पाणी, न्सिमा आणि संध्याकाळ

पाणी हातपंपाचं. बादली डोक्यावर घेण्याचा पहिला प्रयत्न पाहायला निम्मं गाव जमतं. जेवायला न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. ती हातानं मोडून, गोळा करून भोपळ्याच्या पानांच्या भाजीशी, घेवड्याशी किंवा सरोवरातल्या सुक्या बारीक मासळीशी खायची. भाकरी-पिठल्यावर वाढलेल्या माणसाचं यात काही बिघडणार नाही. पाश्चात्त्य पाहुण्याला मात्र न्सिमाशिवाय जेवण झालंच नाही असं लोक का म्हणतात, हे कळायला वर्ष लागतं.

बांडांच्या काळात बायकांनी पँट किंवा आखूड झगा घालणं आणि पुरुषांनी केस वाढवणं कायद्यानं गुन्हा होता. तो कायदा गेला, पण गावात गुडघे उघडे टाकून फिरणं अजूनही शोभत नाही. स्वयंसेविका कमरेला ‘चितेंजे’ गुंडाळतात. रंगीत छापाचं हे दोन वार कापड लुगडं, झोळी, चुंबळ, चादर अशा सगळ्या कामांना येतं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि तिथून खरी परीक्षा सुरू होते. पूर्वी रॉकेलचा कंदील असायचा आणि घरचं पत्र यायला महिना लागायचा. आता सौर दिवा आहे, मोबाइल आहे. पण एकटेपणा त्यानं संपत नाही. मलेरियाच्या गोळ्या चुकवून चालत नाही. पोरं मागे लागून ‘अझुंगू, अझुंगू’ म्हणजे ‘गोरे, गोरे’ असं ओरडतात, ते पहिल्या महिन्यात गोड वाटतं आणि सहाव्या महिन्यात डोक्यात जातं.

जानेवारी ते मार्च हे भुकेचे दिवस. मागचा मका संपलेला, नवा अजून शेतात. पटावर नावं तेवढीच राहतात, बाकांवरची मुलं मात्र घटतात. गावात मयत झाली की सगळे कामं टाकून तिथे जातात. आधी पाहुण्याला वाटतं, शाळेचे किती दिवस बुडतात! मग एड्सच्या त्या वाईट वर्षांत, २००४ मध्ये मोफत औषधं मिळू लागेपर्यंत, गेलेल्यांत शिक्षकही किती होते हे त्याला कळतं. त्यानंतर तो मोजणं थांबवतो.

मागे काय उरतं?

अमेरिकन लेखक पॉल थरू १९६३ मध्ये असाच शिक्षक म्हणून इथे आला. लिम्बेजवळच्या सोचे हिलवर तो इंग्रजी शिकवायचा. बांडांच्या विरोधकांना मदत केल्याच्या आरोपावरून १९६५ मध्ये त्याला देशाबाहेर काढण्यात आलं. पुढे मोठा लेखक झालेला थरू २००१ मध्ये कैरोहून केपटाऊनला जाताना मुद्दाम आपल्या शाळेत गेला. इमारतींची रया गेलेली, ग्रंथालयात पुस्तकं जवळजवळ नाहीतच. तो विलक्षण कडवट झाला. चाळीस वर्षं परदेशी मास्तर येत राहिले, त्यामुळे इथल्या शिकलेल्यांना आपल्याच खेड्यात शिकवण्याची गरज वाटेनाशी झाली, असा त्याचा रोख होता. त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण शिकलेला तरुण खेड्यात राहत नाही यात पगाराचा भाग किती आणि पाहुण्यांचा किती, हा हिशेब त्यानं जरा घाईनंच मिटवला.

कारण त्याच देशात दुसऱ्या गोष्टीही घडल्या आहेत. उत्तरेतल्या करोंगाकडचा लेग्सन कायिरा हा मुलगा मिशनऱ्यांच्या शाळेत इंग्रजी शिकला आणि १९५८ मध्ये अमेरिकेत शिकायला जायचं म्हणून घरून पायी निघाला. जवळ पुस्तकं दोनच, त्यांतलं एक बायबल. मजल दरमजल करत तो युगांडाला आणि तिथून सुदानमधल्या खार्टूमला पोचला आणि १९६० च्या अखेरीस खरोखरच अमेरिकेतल्या कॉलेजात दाखल झाला. पुढे तो इंग्रजीत कादंबऱ्या लिहू लागला.

विल्यम कामक्वाम्बाची गोष्ट तर अलीकडची. २००१-०२ च्या दुष्काळात फी भरता आली नाही म्हणून त्याची माध्यमिक शाळा सुटली. कासुंगूजवळच्या विम्बे गावच्या प्राथमिक शाळेत देणगीत आलेल्या पुस्तकांची तीन फडताळं होती. तिथे त्याला ऊर्जेवरचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. इंग्रजी बेताचंच. चित्रं पाहायची, चित्राखालचा शब्द शोधायचा, अडलं तर ग्रंथपाल बाईंना विचारायचं. असं करत त्यानं सायकलचे भाग, ट्रॅक्टरचा पंखा आणि निलगिरीची लाकडं जमवून पवनचक्की उभी केली आणि घरात दिवा लावला. पुढे २०१४ मध्ये तो अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचा पदवीधर झाला. त्या दिव्यामागे कुठल्याच परदेशी मास्तराचा तास नव्हता. गावातलं फडताळ होतं आणि अडलेला शब्द सांगणारी गावातलीच बाई होती.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे पीस कोअरनं जगभरातले सुमारे ७ हजार स्वयंसेवक काही दिवसांत माघारी बोलावले. ठरलेली दोन वर्षं पुरी न करताच ते निघाले. कुणाला वर्गाचा निरोपही घेता आला नाही. परीक्षेच्या वर्षातली मुलं, अर्धवट तपासलेले निबंध, दारातली कोंबडी, सगळं तसंच राहिलं. काही देशांत ते २०२२ पासून पुन्हा येऊ लागले. दरम्यान मलावीतल्या शाळा बंद पडल्या आणि काही महिन्यांनी उघडल्या, तेव्हा पाहुण्याच्या टेबलावरचे ते निबंध उचलायला शेजारच्या वर्गावरचा शिक्षकच होता. त्याच्या वाट्याला आता दोन वर्ग आले होते आणि ‘ही’ आणि ‘शी’च्या चुका तेवढ्याच होत्या.