गृहशुश्रूषा सेवांची गुणवत्ता व सुरक्षितता : एक विवेचन

प्रस्तावना

2011 च्या जनगणनेनुसार भारतात 60 वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे 10.4 कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या 8.6 टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून अधिक होते. एकत्र कुटुंबपद्धतीचा ऱ्हास, स्त्रियांचे घराबाहेरील अर्थार्जन आणि मुलांचे परगावी वा परदेशी वास्तव्य यांमुळे पक्षाघात, खुब्याच्या हाडाचा अस्थिभंग, स्मृतिभ्रंश अशा दीर्घकालीन अवस्थांतील रुग्णांची शुश्रूषा हा अनेक कुटुंबांपुढील बिकट प्रश्न बनला आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत 'ब्युरो'मार्फत बारा किंवा चोवीस तासांची बाई ठेवणे हा त्यावरील प्रचलित उपाय होय. अशी सेवा चांगली आहे हे कशावरून ठरवावे आणि ती सुरक्षित कशामुळे होते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुणवत्तेची संकल्पना

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे मूल्यमापन संरचना, प्रक्रिया आणि फलित या तीन अंगांनी करावे, अशी मांडणी अवेदिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये केली. रुग्णालयात संरचना आधीच उभी असते. पाळ्या ठरलेल्या असतात, खाटेपाशी नोंदपत्रक असते आणि शंका आल्यास विचारण्यासाठी वरिष्ठ परिचारिका उपलब्ध असते. घरात यांपैकी काहीच नसते. तेथे एकटी सेविका, एक परावलंबी रुग्ण आणि बहुधा कामावर गेलेले कुटुंबीय असतात. परिणामी, कुटुंबे सेवेचे मूल्यमापन सेविकेच्या स्वभावावरून व प्रामाणिकपणावरून करतात. हे गुण आवश्यक आहेत. परंतु पुरेसे नाहीत.

गृहशुश्रूषेत दोन भिन्न प्रकारची कामे येतात. आंघोळ घालणे, जेवण भरवणे, कूस बदलणे, हात धरून चालवणे ही सहायक सेवा होय. इंजेक्शन देणे, जखमेचे ड्रेसिंग करणे, मूत्रनलिकेची निगा राखणे ही परिचर्या असून तिला रीतसर प्रशिक्षण लागते. पहिल्या कामासाठी ठेवलेल्या व्यक्तीकडे हळूहळू दुसरे काम सोपवले जाते, आणि बहुतांश धोक्यांचा उगम तेथेच होतो.

धोक्यांचे स्वरूप

घरातील अपघात बहुधा अज्ञानातून आणि न झालेल्या निरोपातून घडतात. इन्सुलिनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भारतात इन्सुलिन प्रति मिलिलिटर 40 युनिट व 100 युनिट अशा दोन तीव्रतांमध्ये मिळते आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. 100 युनिट तीव्रतेचे औषध 40 च्या सिरिंजने, तिच्यावरील खुणा पाहून भरल्यास प्रत्यक्ष मात्रा अडीच पट होते. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. सेविका कितीही प्रेमळ असली तरी ही चूक टळत नाही.

दुसरा धोका पाळी बदलताना संभवतो. सकाळची गोळी दिली की नाही, याची लेखी नोंद नसेल, तर रक्त पातळ ठेवणारे औषध दोनदा दिले जाते किंवा मुळीच दिले जात नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे न झाल्यास माकडहाड, टाच, खुबा येथील त्वचेवर सतत दाब राहून रक्तपुरवठा खंडित होतो व शय्याव्रण निर्माण होतात. रात्री ही जबाबदारी नेमकी कोणाची, हे बहुधा ठरलेलेच नसते. नाकातील नळीवाटे अन्न देताना रुग्णाचे डोके व धड उंच न ठेवल्यास अन्न उलटून श्वासमार्गात जाण्याची भीती असते. ओले न्हाणीघर, आधारासाठी दांडी नसणे व अपुरा प्रकाश यांमुळे होणारे पडण्याचे अपघातही याच मालिकेत येतात.

अनुभवांती सिद्ध झालेले दोन प्रयोग

अल्पशिक्षित व्यक्ती घरी सुरक्षित सेवा देऊ शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती सेवेचे प्रशिक्षण दिले. त्यांत जंतुदोष ओळखणे व प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे यांचाही समावेश होता. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे 62 टक्के घट झाली. या स्त्रियांकडे पदवी नव्हती. परंतु मोजके व नेमके प्रशिक्षण, प्रत्येक भेटीची नोंद आणि नियमित देखरेख यांचे पाठबळ होते. पुढे 2011 पासून शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली.

केरळमधील परिहारक सेवेचा अनुभव याला पूरक आहे. कोझिकोड येथे 1993 मध्ये सुरू झालेल्या कार्यातून तेथे घरभेटींची व्यवस्था विकसित झाली आणि 2008 मध्ये राज्य शासनाने त्याविषयीचे धोरण जाहीर केले. प्रशिक्षित परिचारिका, स्वयंसेवक व डॉक्टर यांची साखळी आणि कुटुंबीयांना शुश्रूषेचे शिक्षण ही त्याची वैशिष्ट्ये होत.

कायद्यातील पोकळी

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 याचा रोख जागेच्या नोंदणीवर आहे. रुग्णाचे राहते घर त्याच्या कक्षेत येत नाही. माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, 2007 मुलांवर जबाबदारी टाकतो. मात्र घरी येणाऱ्या सेवेच्या दर्जाविषयी तो काही सांगत नाही. 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात गृहसेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती. परंतु ते संमत न होता 2024 मध्ये व्यपगत झाले.

सेविकेची सुरक्षितताही येथे विचारात घेतली पाहिजे. चोवीस तास जागणाऱ्या सेविकेकडून अचूकतेची अपेक्षा धरणे अवास्तव आहे. जड रुग्ण एकटीने उचलताना होणारी पाठीची इजा, सुई टोचणे आणि बंद घरातील छळ हे तिच्यापुढील धोके आहेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने राहते घरही कामाचे ठिकाण मानले आहे, याची जाणीव सेविका व कुटुंब या दोघांनाही क्वचितच असते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, गृहशुश्रूषेची सुरक्षितता प्रशिक्षण, नोंद व देखरेख या त्रयीवर अवलंबून असते. सेविकेचा चांगुलपणा या त्रयीची जागा घेऊ शकत नाही. कायदा होईपर्यंत कुटुंबाला तीन गोष्टी निश्चितच करता येतील : सेविकेने कोणती कामे करावयाची व कोणती करावयाची नाहीत हे लिहून देणे, औषधे, आहार, कूस बदलण्याच्या वेळा यांची वही रुग्णाच्या उशाशी ठेवून पाळी बदलताना ती दोघींनी मिळून वाचणे, आणि ठराविक काळाने परिचारिकेकडून वा डॉक्टरांकडून रुग्णाची व वहीची तपासणी करवून घेणे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना, गृहविज्ञान व समाजकार्य विभागांना अशा वहीचा मराठी नमुना व लघुप्रशिक्षण तयार करता येईल. गडचिरोलीच्या खेड्यांत जे साध्य झाले, ते शहरातील सदनिकेत अशक्य मानण्याचे कारण नाही.